वरातीच्या चालीचं इंजिन

मोरोपंत वकिलांची गाडी बंद पडली ती भर वरातीत, आणि तीही राजापेठेत, जिथं अर्धी अमरावती रस्त्यावर उभी होती. आत नवरा-नवरी, पुढं बँड. बँडवाल्यांना काय पत्ता? ते आपले वाजवत वाजवत पार पुढं गेले आणि मागं वळून पाहतात तर नाचणारे आहेत, दिवे धरणारे आहेत, गाडीच नाही.

मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. आभाळ सकाळपासून भरून आलेलं, ना पडत होतं ना उघडत होतं. सरकी काढायच्या जिनांमधून उडालेला कापूस ओलसर हवेत तरंगत येऊन लोकांच्या टोप्यांना आणि नवरीच्या शालूला चिकटत होता. नवरीशेजारी पाठराखीण म्हणून मोरोपंतांची थोरली मुलगी चारुशीला बसली होती. नवरी तिची मैत्रीण आणि गाडी तिच्या बापाची, म्हणजे लाज दोन्हीकडून तिचीच जात होती.

"वकिलाची गाडी आहे बाप्पा, तारीख मागत असेल," गर्दीतून कुणीतरी बोललं आणि सगळे हसले.

गाडी मोठी होती, अमेरिकन, बाटलीहिरव्या रंगाची. जिनिंगच्या एका गोऱ्या मॅनेजरानं मायदेशी परत जाताना ती मोरोपंतांना दिली होती. आणि मोरोपंतांचा एक नेम होता. लग्नासाठी गाडी मागायला दारात आला त्याला नाही म्हणायचं नाही, मग तो कुठल्या का पुऱ्यातला असेना. भाडं नाही, नारळ ठेवायचा आणि गाडी न्यायची. त्यामुळं लग्नसराईत ती कोर्टापेक्षा वरातीतच जास्त दिसायची.

नत्थुजी ड्रायव्हर खाली उतरला. म्हातारा माणूस, पांढऱ्या मिशा, गाडीवर पोटच्या पोरीसारखा जीव. "कालपरेंत बरी होती," असं तो ज्याला त्याला सांगत होता, जसं घरातलं कुणी गेल्यावर सांगतात तसं.

रस्त्याकडेला निंबाखाली टिनाचं शेड होतं. तिथून एक उंच, सावळा तरुण हात पुसत आला. हा धर्मपाल. लष्कराच्या वर्कशॉपात काम शिकून आलेला, गॅरेज नुकतंच टाकलेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरानं नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हा त्यानं जुनं नाव टाकून हे नाव घेतलं होतं. स्वतः निवडलेलं नाव, म्हणून कुणी विचारलं की तो ते सावकाश, पुरं सांगायचा.

त्यानं बोनट उघडलं, आत काहीतरी पिळलं आणि म्हणाला, "मारा सेल्फ."

इंजिन खोकत चालू झालं. त्यानं हात वर केला. "आता कोनी बोलू नोका."

आणि गंमत म्हणजे कुणी बोललं नाही. नवरदेवसुद्धा गप्प. धर्मपाल मडगार्डवर हात ठेवून, मान तिरपी करून ऐकत उभा राहिला.

"पाचवा ठोका लंगडतोय," चारुशीला खिडकीतून बोलून गेली. बोलल्यावर तिनं जीभ चावली, पण उशीर झाला होता.

त्यानं वळून पाहिलं. तिच्याकडं असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं… म्हणजे मुलगी म्हणून पाहिलेले बरेच होते, पण तिनं बरोबर काहीतरी सांगितलं म्हणून पाहणारा हा पहिलाच.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"कोणी नाही. ऐकू येतंय."

"गाडी चालवता?"

"छे. गाणं शिकते. मास्तर म्हणतात गळा बेताचा आहे, कान बरा आहे."

"मंग गान्यापायी काहून वेळ घालवून राहिल्या? गॅरेजात या."

नवरीनं शालूखालून चारुशीलेला कोपरानं ढोसलं. धर्मपाल तोवर कामाला लागला होता. त्यानं आतून पेट्रोल वाढवायची एक तार बाहेर ओढली, बोटाला गुंडाळली आणि नत्थुजीला म्हणाला, "धीम्या चालीत दम तोडून राहिली ही. मी संगं चालतो. मरायला लागली का तार ओढतो."

तर अशी ती वरात निघाली. गाडीच्या अंगालगत धर्मपाल चालत होता आणि मधूनच इंजिन विझायला आलं की बोट ओढत होता. दर खेपेला तो मागं खिडकीकडं पाहायचा. आधी चारुशीलेला वाटलं, हा गाडी पाहतोय. अंबादेवीच्या रस्त्याला वळेपर्यंत तिची खात्री पटली की गाडी नाही पाहत.

*

ज्यानं वरात पोचवली त्याच्याच हवाली गाडी करावी, असं मोरोपंतांनी ठरवलं. गाडी निंबाखाली उभी राहिली, इंजिन उघडलं गेलं, आणि नत्थुजी शेडसमोर खाट टाकून बसला. आजारी जनावराला सोडून मालक घरी जातो का? त्याचा डबा वकिलांच्या घरून यायचा. पहिल्यांदा मोलकरीण घेऊन आली. पुढं चारुशीलाच येऊ लागली. गाण्याचा क्लास त्याच रस्त्यावर आहे म्हणे. क्लास होता दुसऱ्याच बाजूला, जवाहर गेटाकडं, पण आईनं कधी तो रस्ता चालून पाहिला नव्हता.

"हा पाहा तुमचा पाचवा ठोका," एक दिवस धर्मपालनं तेलानं माखलेला लांब दांडा तिच्यापुढं धरला. दांड्यावर ठिकठिकाणी अंड्याच्या आकाराची टेकाडं होती. "कॅमशाफ्ट म्हनते याले. हा फिरला का ही टेकाडं वाल, म्हंजे हवा-पेट्रोलची झडप, उघडते. किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, सारं याच्या हाती. इंजिन श्वास घेते तो याच्या मर्जीनं."

"आणि ह्याला काय झालंय?"

"झिजला. वरातीत चालून चालून. हे टेकाड पाहा, सपाट झालं."

तिनं बोट पुढं केलं. तेल होतं, तरी लावलं. टेकाडाच्या माथ्यावरून बोट फिरवताना ते त्याच्या अंगठ्याशी येऊन थांबलं. दोघांनीही हात लगेच काढले नाहीत…

"नवीन नाही मिळत?"

"बाहेरून येनं बंद झालं. घासून घ्या लागते. अकोल्याले माहे उस्ताद हायेत, खुशालराव. तेच करते हे काम." त्यानं तिच्या हाताकडं पाहिलं. "तुमच्या बोटाले तेल लागलं."

"लागू दे."

घरी परतताना तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. गॅरेजात येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या आईला माय म्हणायचं, बहिणीला, मुलीला ताई म्हणायचं, ही वऱ्हाडातली साधी रीत. धर्मपाल सगळ्यांना म्हणायचा. कोपऱ्यावर भाजी विकणारी सुंदराबाई त्याची माय होती, कंपाउंडरची लठ्ठ बायको त्याची ताई होती. चारुशीलेला मात्र त्यानं एकदाही ताई म्हटलं नव्हतं. 'तुमी' म्हणायचा, नाहीतर नुसतं वाक्यच सुरू करायचा. ते कळलं आणि तिला रस्त्यात उगाच हसू आलं. आता त्यानं कधीच आपल्याला ताई म्हणू नये, एवढंच तिनं देवाजवळ मागितलं.

*

मोरोपंतांचा अकोल्याच्या कोर्टात दावा होता. चारुशीलेला तिथल्या मावशीकडं जायचं होतं. नत्थुजीला कॅमशाफ्ट एकट्याच्या हाती सोडवत नव्हता. म्हणून चौघं बडनेऱ्याहून एकाच आगगाडीनं निघाले. कॅमशाफ्ट गोणपाटात गुंडाळून धर्मपालच्या मांडीवर होता.

खुशालरावांचा कारखाना मोर्णेकाठी होता. नदीवरून धुकट, गार वारा येत होता आणि सरकीच्या पेंडीचा वास सगळीकडं भरला होता. म्हाताऱ्यानं कॅमशाफ्ट उजेडात धरून फिरवला.

"वकीलसाहेब, याले कसा घासू ते तुमी सांगा. जसा होता तसाच केला तर गाडी इमानदार राहीन, पन घाटात रडन. टेकाडं लय उंच घासली तर घोड्यावानी पळन, पन उभी राहिली का थरथरन, लगाम तानल्यावानी. आन् एक मधला हाये. मऊ. थोडा दम वाढते, चाल नाही बिघडत."

"मला दरवर्षी चिखलदरा चढायचा असतो, आणि दरवर्षी ही बया अर्ध्या घाटात पाणी मागते," मोरोपंत म्हणाले. "तेज काय ते करा."

"तेज कॅम वरातीत चालनार नाही, साहेब," धर्मपाल हळूच म्हणाला. "मान्साच्या चालीनं चाला लागते तिले."

मोरोपंतांनी मुलीकडं पाहिलं. "कान हिचा आहे. हिलाच विचारा."

अंगणात लाकडी घोडीवर दोन इंजिनं बसवलेली होती, एकात तेज कॅम, एकात मऊ. खुशालरावांनी पहिलं चालू केलं. चारुशीलेनं डोळे मिटले. इंजिन धावायला टपलेलं वाटत होतं. ठोके अडखळायचे, एकमेकांवर पडायचे, मध्येच एक गडप व्हायचा. मग दुसरं. त्याचा आवाज जुन्या इंजिनापेक्षा जरा खोल होता, पण ठोका ठोक्यामागं नीट येत होता, गर्दीतून हात धरून चालणाऱ्या माणसांसारखा.

तिनं डोळे उघडले. सगळे इंजिनाकडं पाहत होते. धर्मपाल तिच्याकडं.

"हा," ती म्हणाली.

"काहून?" त्यानं विचारलं, जसं उत्तर त्याला ठाऊक नव्हतं.

"ह्याच्यात वरात चालेल. कुणी मागं राहणार नाही."

"बघा," मोरोपंत हसले, "हिला आत्तापासून स्वतःच्या वरातीची काळजी."

खुशालराव हसले, नत्थुजीही हसला. बाकीचे दोघं नाही हसले.

परतीच्या गाडीत मोरोपंतांचा डोळा लागला. मावशीनं संत्री बांधून दिली होती. चारुशीलेनं एक सोललं, अर्धं नत्थुजीला दिलं आणि उरलेलं धर्मपालपुढं धरलं. डबा भरलेला होता आणि समोरच्या बाकावर अमरावतीचीच चार माणसं बसली होती. कोण कुणाचं, हे तेव्हा सगळ्यांना सगळं माहीत असायचं. धर्मपालचा हात मध्येच थांबला.

"आंबट आहे, म्हणून नको?" तिनं विचारलं.

"मले आंबट आवडते."

त्यानं घेतलं. घेताना बोटं लागली, आणि ह्या खेपेला तेलाचं निमित्त नव्हतं. नत्थुजीनं सारं पाहिलं आणि तो खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर पऱ्हाटीची काळी, उजाड वावरं होती. पाहण्यासारखं काही नव्हतं.

*

पौष सरता सरता गाडी तयार झाली. धर्मपालनं पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला चालू इंजिनाच्या बोनटवर ठेवला. पाणी हललं, पण सांडलं नाही. तो मोरोपंतांना म्हणाला, "वरातीत बंद पडली साहेब, तर धर्मपाल नाव लावनार नाही." गॅरेजातली माणसं हसली. चारुशीला नाही हसली, कारण ते नाव त्याला केवढं होतं हे तिला एव्हाना कळत होतं.

आणि पाहा नशीब कसं असतं. माघात त्याच दुरुस्त गाडीतून सगळं घर अकोल्याला मावसभावाच्या लग्नाला गेलं. गाडीचं जिथं तिथं कौतुक झालं. गाडी पाहता पाहता लोकांनी गाडीतली मुलगीही पाहिली. आठवड्याभरात स्थळ सांगून आलं. मुलगा हेमचंद्र, अकोल्यात गणिताचा मास्तर, घर चांगलं, पत्रिका जुळते. गाडी बंदच पडलेली असती तर हे झालंच नसतं, असा विचार चारुशीलेच्या मनात आला आणि तो जाईचना.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजात गेली. डब्याचं निमित्त आता राहिलं नव्हतं. निंबाची पानं गळत होती. धर्मपाल एका ट्रकखाली होता.

"मला अकोल्याहून स्थळ आलंय," ती ट्रकला म्हणाली.

खालचा आवाज थांबला. तो बाहेर आला, उठून बसला, पण उभा राहिला नाही.

"पोरगा कसा हाये?"

"चांगला आहे."

"मंग?"

"मंग काय?" ती म्हणाली. "तुम्हाला काही म्हणायचं नाही? इतके दिवस मी काय नत्थुजींचा डबा पोचवायला येत होते?"

त्यानं हातातला पाना जमिनीवर ठेवला. "मले काय म्हना लागते ते तुमाले पहिल्या दिवसापासून माहीत हाये. त्या तारेपासून."

"तरी म्हणा."

"मले तुमी पायजे," तो म्हणाला. अगदी साध्या शब्दांत म्हणाला. ती तिथंच खाटेवर बसली आणि रडली, आणि रडताना तिला आयुष्यात कधी नव्हतं इतकं बरं वाटत होतं.

"रजिस्टर लग्न करता येतं," डोळे पुसत ती म्हणाली. "सज्ञान आहे मी. आज म्हणाल तर आज येते."

"नाही." त्यानं मान हलवली. "लपूनछपून नाही नेनार मी तुमाले. आमच्या लोकायनं मान वर करून चालाले आत्ता कुठं सुरुवात केली. मी चोरावानी मागच्या दारानं नवरी आनली तर माहाच बाप मले घरात घेनार नाही. वकीलसाहेबाईले तोंडावर सांगा लागन."

"ते नाही म्हणाले तर?"

त्यानं पाना परत उचलला. "पंचफुलाचं लग्न हाये फागुनात, माह्या बहिनीचं. गाडी मांगायले मी येतो. समोरच्या दारानं. पाहू तुमचे बाबा काय म्हनते."

*

तो आला. पांढरा सदरा घातलेला, हातात नारळ. मोरोपंतांनी त्याला ओसरीवर खुर्ची दिली. आतल्या दाराआड चारुशीला श्वास धरून उभी होती. तिची आई गोदावरीबाई स्वयंपाकघरातून एकदा डोकावली आणि आत गेली.

"बहिनीचं लग्न हाये, साहेब. बौद्ध पद्धतीनं. आमच्याच वस्तीत."

"अरे, मग गाडी घेऊन जा," मोरोपंत ताबडतोब म्हणाले. "विचारायचं काय त्यात? तू बनवलेली गाडी. नत्थुजी येईल."

एवढं सोपं होतं तर. चारुशीला दाराला टेकली. शेजारपाजारच्यांनी नाकं मुरडली, मोरोपंतांनी कुणाला जुमानलं नाही. पंचफुला पांढऱ्या लुगड्यात बाटलीहिरव्या गाडीतून मिरवली, गाडी वस्तीच्या अरुंद गल्लीतून माणसाच्या चालीनं गेली, आणि एकदाही अडखळली नाही. हे सगळं नत्थुजीनं येऊन सांगितलं. चारुशीलेनं मागच्या सीटवरच्या शेवंतीच्या पाकळ्या वेचल्या आणि तशीच मुठीत घेऊन वडिलांपुढं उभी राहिली. मोरोपंत अंगणात खुर्ची टाकून बसले होते, स्वतःवर खूश होते.

"बाबा, त्यांना तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

"नेम आहे आपला."

"मग मलाही म्हणू नका."

आणि तिनं सांगितलं. सगळं, एका दमात, वरातीपासून ट्रकपर्यंत. मोरोपंत ऐकत होते. ते ओरडले नाहीत, खुर्चीतून उठलेही नाहीत. चेहरा मात्र बघता बघता म्हातारा झाला.

"मुलगा चांगला आहे," शेवटी ते म्हणाले. "मी काय त्याला ओळखत नाही? पण चारू, गाडी द्यायला काय जातं माझं? सकाळी जाते, संध्याकाळी परत येते."

"मला परत यायचंच नाही, बाबा."

"तेच तर म्हणतोय मी."

पुढं घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या बापाशी भांडता येतं, गप्प बसलेल्याशी काय भांडणार? मोरोपंत कोर्टात जाईनासे झाले. चहा समोर निवून जायचा. पानावरून अर्ध्यात उठायचे. गोदावरीबाई एकदाच बोलल्या, वेणी घालता घालता, आवाज न चढवता. "तुझ्या मागं धाकटी आहे. तिला मग कोण करून घेईल, एवढं मला सांग, आणि जा हवं तिथं." चारुशीलेनं रात्री जागून त्याचं उत्तर शोधलं. त्या काळात त्याचं उत्तर नव्हतंच, किंवा तिला ते सापडलं नाही. एका सकाळी तिनं वडिलांपुढं चहा ठेवला आणि अकोल्याला होकार कळवा म्हणून सांगितलं. मोरोपंतांनी चहा घेतला.

गॅरेजात जायचं धाडस तिला झालं नाही. नत्थुजीच्या हाती निरोप गेला.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"काय म्हननार? पाना खाली ठेवला. मंग म्हने, वरातीच्या आधी गाडी आनजा, वाल सेट करून देतो." नत्थुजीनं मिशीवरून हात फिरवला. त्याला राग आला होता, पण कुणाचा ते त्यालाच उमगत नव्हतं. "तुमी दोघं बी लय शहाने हा बाई. लय शहाने."

*

वैशाखातली संध्याकाळ. दिवसभर तापून आभाळ भरून, मातकट झालं होतं, वारा सुटला होता आणि धुळीनं पेट्रोमॅक्सचे दिवे पिवळे दिसत होते. वरात बडनेरा रस्त्याला लागेपर्यंत वाजतगाजत जायची आणि तिथून गाडी सरळ अकोल्याला. नत्थुजी पुढं, चालवायला. मागं चारुशीला, डोक्यावरचा पदर आणि मुंडावळ्या सावरत. शेजारी हेमचंद्र. सरळ माणूस. "काच खाली करू का? उकडतंय तुम्हाला," असं त्यानं दोनदा विचारलं.

गाडी माणसाच्या चालीनं चालत होती. ठोका ठोक्यामागं येत होता, एकसुरी, शांत. वाल सेट करताना त्यानं किती मन लावलं असेल, ते तिला एकेका ठोक्यात ऐकू येत होतं. ती मनात म्हणत होती, बंद पड. एकदा बंद पड. राजापेठ जवळ येत होती. निंब दिसायला लागला. बंद पड ना ग बाई. पण ती कशाला पडते? वरातीत न मरणारा कॅम तिनंच तर निवडला होता, मोर्णेकाठी, डोळे मिटून. आता तो तिचंही ऐकणार नव्हता.

शेडसमोर गाडी आली, आणि चारुशीलेनं दोन सीटांमधल्या फटीतून पाहिलं. नत्थुजीचा म्हातारा हात सावकाश चावीकडं गेला. त्यानं चावी फिरवली.

इंजिन थांबलं.

बँड पुढं गेला, विस्कटला, थांबला. गर्दीत खसखस पिकली. "धर्मपालची गाडी बंद पडली बे," कुणीतरी ओरडलं. "नाव बदला म्हना आता त्याले." मोरोपंत घामाघूम होऊन पुढं आले.

तो शेडच्या दारातच उभा होता. अंगावर तोच पांढरा सदरा, हात स्वच्छ. आज त्यानं कामाला हात लावला नव्हता. तो आला आणि त्यानं बोनट उघडलं. बोनटाआड तो दिसेनासा झाला. खालच्या फटीतून चारुशीलेला त्याचे फक्त हात दिसत होते. ते काहीच करत नव्हते. गरम इंजिनावर नुसते ठेवलेले होते, आणि बराच वेळ तसेच राहिले.

मग बोनट बंद झालं. त्यानं काचेतून नत्थुजीकडं पाहिलं. नत्थुजी निंबाकडं पाहत होता. धर्मपालला कळलं, गाडी बंद पडली नव्हती, पाडली होती.

"धर्मपाल, तू तर म्हणाला होतास…" मोरोपंत बोलता बोलता थांबले.

"चूक माही हाये, साहेब," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असा. "कॅम मी मऊ निवडला. तेज पायजे होता."

लोक हसले. ज्या नावाची त्यानं पैज लावली होती ते त्यानं स्वतःच्या हातानं भर रस्त्यात खाली ठेवलं, नत्थुजीसाठी, तिच्यासाठी, आणि वर तिची निवडसुद्धा स्वतःच्या अंगावर घेतली. चारुशीलेला ते सोसलं नाही. नव्या नवरीनं वरातीत बोलायचं नसतं. ती बोलली.

"कॅम मी निवडला होता. ती चूक नव्हती."

हेमचंद्र चकित होऊन तिच्याकडं वळला. "तुम्ही?"

मोरोपंतांनी मान खाली घातली. आता एक शब्द इकडचा तिकडं झाला असता तर तिचं पुढचं सारं आयुष्य त्या रस्त्यावर सांडलं असतं, हे दोघांनाही कळत होतं. धर्मपाल खिडकीशी आला. वाकला. आधी हेमचंद्रला हात जोडले, मग तिच्याकडं पाहिलं, तसंच, पहिल्या वरातीत पाहिलं होतं तसं.

"घाबरू नोका, ताई," तो म्हणाला. "आता नाही बंद पडनार."

ताई. इतके महिने त्यानं जपून ठेवलेला तो शब्द शेवटी तिला दिला. हेमचंद्रच्या चेहऱ्यावरचं कोडं सुटलं, तो हसला आणि त्यानंही हात जोडले. चारुशीलेनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान हलवली.

"फिरवा चावी, नत्थुजी," धर्मपाल म्हणाला आणि मागं सरला.

इंजिन पहिल्याच सेल्फला चालू झालं. बँड पुन्हा वाजू लागला. ह्या खेपेला गाडीच्या अंगालगत कुणी चालत नव्हतं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. नाक्यावर बँडवाले थांबले, दिवे मागं राहिले, नत्थुजीनं डोळे बाहीला पुसून गाडी रस्त्याला लावली, आणि कधीपासून भरून आलेलं ते आभाळ धुळीसकट थोडंसं गळलं.

"तुम्हाला इंजिनातलं कळतं?" बऱ्याच वेळानं हेमचंद्रनं कौतुकानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "नुसतं ऐकू येतं."

अकोल्यापर्यंत गाडी कुठंही बंद पडली नाही.